नानांनी तपासलेलं रक्त

दिवाळीपासून होळीपर्यंत मी दुसऱ्या माणसाच्या रक्ताचं पथ्य पाळलं.

रक्त नानांचं होतं. पथ्यही नानांनीच आखून दिलं होतं. पाळायचं काम फक्त माझ्याकडे आलं, कारण शाळेपासून आमची वाटणीच तशी होती. काम नानांनी काढायचं आणि मी ते करायचं.

नाना म्हणजे यशवंत सोनवणे, जळगावातल्या आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. मी त्यांच्या हाताखाली भूगोल शिकवायचो. निवृत्तीनंतरही आम्ही एकाच कॉलनीत समोरासमोर राहत होतो. नानांना निवृत्त केलं ते सरकारनं, नानांनी स्वतःला कधीच केलं नाही. सदऱ्याच्या खिशात लाल पेन अडकवलेलं असायचं ते तसंच राहिलं. तपासायला वह्या उरल्या नाहीत म्हणून ते जग तपासू लागले. हॉटेलात गेले की आधी मेनूकार्ड तपासायचे आणि मग ऑर्डर द्यायचे. गल्लीच्या टोकाच्या महाजनांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका आणून दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ती जागोजागी लाल करून त्यांच्या दारात उभे.

"नाना, हजार छापून झाल्या हो," महाजन रडवेले झाले.

"म्हणजे हजार घरांत चूक जाणार," नाना म्हणाले.

लग्नाला मात्र गेले. जेवण झाल्यावर आचाऱ्याला बोलावून घेतलं आणि जिलेबीला दहापैकी साडेआठ दिले. एक मार्क वाढपी उशिरा आला म्हणून कापला होता आणि अर्धा पाक जरा पातळ होता म्हणून. आचाऱ्याला आपला सत्कार झाला की अपमान हे शेवटपर्यंत कळलं नाही. शाळेत आम्हा सगळ्यांचं तेच व्हायचं.

या लाल पेनाला जगात एकाच माणसानं दाद दिली नाही, ती म्हणजे अक्का, नानांची बायको. अक्का शिरपूरकडच्या, बोलणं अस्सल अहिराणी. लग्न झाल्यापासून नाना त्यांची भाषा सुधारत होते.

"अगं, 'आहे' म्हणावं."

"शे ते शे," अक्का म्हणायच्या आणि चहात साखर घालायच्या. त्या घरात साखरेच्या डब्याचं झाकण लागलेलं मी कधी पाहिलं नाही.

आता नानांचं शरीर. खुंटीला सदरा टांगावा आणि सदऱ्यानं चालू लागावं, असे नाना दिसायचे. गालांना खळगे पडलेले, मनगट एवढंसं की घड्याळाचा पट्टा कोपरापर्यंत चढायचा. आणि खाणं? वरण-बट्टीला बसले की बट्ट्या चुरायच्या, त्यावर वरण, त्यावर तूप, वर घोटलेली वांग्याची भाजी, मग जिलेबी, मग "तोंड गोड करायला" चहा. जिलेबीनंतर तोंड गोड करायला चहा लागणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आंब्याच्या दिवसांत आमरस ते वाटीनं घेत नसत, तांब्यानं घेत. एवढं जातं कुठे हा प्रश्न आख्ख्या स्टाफरूमला पडलेला असायचा. मला जास्त, कारण माझ्या पोटात काय काय गेलं ते शर्टाच्या बटणांवरून कोणीही सांगू शकायचं.

नानांचा या विषयावर सिद्धांत होता. "प्रभाकर, चरबी दिसते. जी दिसत नाही ती नसते." हे म्हणताना ते माझ्या पोटाला पेनानं टोचायचे, झाकण लावलेल्या पेनानं, एवढी त्यांची माया.

सकाळी आम्ही मेहरूण तलावाला फिरायला जायचो. फेरी तलावाची असली तरी शेवट जिलेबीच्या कढईपाशी व्हायचा. तिथे नाना खायचे आणि मी न खाण्याबद्दल त्यांचं ऐकायचो.

असं सगळं सुरळीत चाललं असताना दिवाळीनंतर कॉलनीच्या सभागृहात रक्त तपासणीचं शिबिर भरलं. लॅब सलीमची, म्हणजे आमच्याच विद्यार्थ्याची. उपाशीपोटी यायचं होतं. नानांनी दारात खुर्ची टाकली आणि परीक्षा केंद्रासारखा बंदोबस्त ठेवला. चहा घेऊन आलेल्यांना वास घेऊन परत पाठवलं. स्वतःही आदल्या संध्याकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे पळवाट काढायला तेवढीही जागा उरली नाही.

रिपोर्ट आले. माझं सगळं जागच्या जागी. आणि यशवंत सोनवणे या नावापुढे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात हिंडणारी चरबी, दीडशेच्या आत हवं ते चार आकडी.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे पाहिलं. मग दोन्ही रिपोर्टांकडे.

"सलीम, नळ्या बदलल्यास."

"नाही सर. नावं बरोबर आहेत. तुमची नळी तर मला पाठ आहे, वर साय धरल्यासारखं रक्त होतं. मी फुकटात पुन्हा काढतो, पण आधी डॉक्टरांना दाखवा."

"दहावीच्या सराव परीक्षेत तू स्वतःचं नाव दुसऱ्याच्या पेपरावर टाकलं होतंस. आठवतं?"

सलीमनं मान खाली घातली. मालकीची लॅब, दारात गाडी, पण मुख्याध्यापकांसमोर तो आठवा बाक, डावी रांग एवढाच उरला. "सर, ते शाळेत असताना..."

"तेव्हाही असंच म्हणाला होतास, नाव बरोबर आहे म्हणून."

नानांनी लाल पेन काढलं. चार आकडी रिपोर्टवरचं यशवंत सोनवणे खोडून वर माझं नाव लिहिलं आणि माझ्या रिपोर्टवर स्वतःचं. दोन्हींच्या कोपऱ्यात 'तपासले' लिहून सही ठोकली.

मी काय केलं? मी "बरोबर आहे नाना" म्हणालो. आरसा घरी होताच, त्यामुळे पुराव्याची गरज वाटली नाही. आधी जरा घाबरलो, पण खरं सांगायचं तर मग बरंही वाटलं. परीक्षेत म्हणा, क्रिकेटमध्ये म्हणा, मला असा आकडा कधी पडला नव्हता. कॉलनीत लोक थांबून चौकशी करू लागले. मी रिपोर्टची घडी करून पाकिटात ठेवली आणि जो भेटेल त्याला दाखवू लागलो. नानांनीही स्वतःचा, म्हणजे माझा, रिपोर्ट खिशात ठेवला होता. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून लोकांना एकमेकांचं रक्त दाखवायचो.

घरात सुमन, माझी बायको, तेवढी म्हणाली, "पण नाव तर त्यांचं छापलेलं आहे ना?"

"नानांनी तपासलंय."

"ते डॉक्टर कधी झाले?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. हे वाक्य मी संसारात जेव्हा जेव्हा वापरलं, तेव्हा तेव्हा नंतर काय झालं याची यादी सुमनला तोंडपाठ आहे.

सलीमनं फोन करून पाहिला. डॉक्टरांकडे जा म्हणून सुमननंही सांगून पाहिलं. पण डॉक्टर गोळ्या देणार आणि नाना फुकट पथ्य देत होते. पथ्य सोपं होतं. चरबी म्हणजे तेल, तूप, शेंगदाणे, खोबरं, सगळं बंद. "मग खाऊ काय?" मी विचारलं. "केळी खा. जळगावात राहून केळी कोणाकडे मागणार आहेस? गुळाचा चहा घे. तांदळाची खीर खा, बिनतुपाची. साखरेत तेल असतं का, सांग?" मी भूगोलवाला. साखरेत तेल नसतं हे मला ठामपणे माहीत होतं.

तो हिवाळा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. खानदेशात हिवाळा म्हणजे भरताच्या पार्ट्यांचे दिवस. शेतात काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, वास बांधावरून येतो, पुऱ्या टम्म फुगतात, आणि मी बांधावर बसून डब्यातला उकडलेला दुधी खातोय. त्या दुधीला दुसऱ्यांदा वाढून घेणारा जन्माला यायचा आहे. म्हणून मग भूक मी केळी, खीर आणि गुळावर भागवायचो. समोर नाना पंगतीत बसून भरताला मार्क देत असायचे. "नऊ. मिरची पोपटी हवी होती." आणि जेवण झालं की खिशातून रिपोर्ट काढायचे. "दीडशेच्या आत. बघा. आणि हा प्रभाकर बघा."

मी लगेच पाकीट काढायचो.

दुधीच्या कृपेनं माझं पोट जरा उतरलं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. नानांनी याचं श्रेय जाहीरपणे घेतलं.

होळीच्या आसपास अमळनेरच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्याला एका ओळखीच्या शेतात वरण-बट्टी होती. हंगामातली शेवटची. अक्काही आल्या होत्या. नानांनी बट्टीला साडेनऊ दिले, जे त्यांनी आयुष्यात कोणाला दिले नव्हते. जिलेबी परत परत मागून घेतली. मग निंबाखाली आडवे झाले आणि थोड्या वेळानं उठून बसले.

"गॅस झालाय," म्हणाले.

सोडा आणला. तोही उलटीत गेला. मग नाना गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसले. आडवं व्हा म्हटलं तर होईनात. दुखणं वरच्या पोटातून थेट पाठीत आरपार जातंय असं सांगत होते, तेही व्यवस्थित, क्रमाने, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. तिसऱ्या मुद्द्याला शब्दच फुटेना. नाना वाक्य अर्धं सोडतात हे आम्ही प्रथमच पाहत होतो. शेतमालकानं गाडी काढली. नानांची मुलगी मनीषा धुळ्यात राहते, तिनं फोनवरच दवाखाना ठरवला.

अक्का गाडीत पुढे बसून होत्या. मागे वळल्या नाहीत. एकदाच बोलल्या, "त्यासना मोठा भाऊबी असाच पोट धरीसन बठेल व्हता." मोठा भाऊ, म्हणजे नानांचे थोरले बंधू. तेही असेच काटकुळे. चाळिशीत गेले ते पोट धरूनच. या गोष्टीचा रक्ताशी काही संबंध असेल, असं त्या घरात कोणी कधी धरलं नव्हतं.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. नानांना आत घेतलं, रक्त काढलं, आणि बाहेर येऊन तिनं विचारलं, "यांचं आधी कधी लिपिड तपासलं होतं?"

मनीषाला माहीत नव्हतं. अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी पाकीट काढलं. हिवाळाभर शेकडो वेळा मिरवलेला तो रिपोर्ट मी तिच्या हातात दिला.

तिनं घडी उलगडली. "हे लाल काय आहे?"

"दुरुस्ती."

"कोणी केली?"

मी आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

"आणि तुम्ही मान्य केली?"

"ते मुख्याध्यापक आहेत."

"तुम्हीही शिक्षक?"

"भूगोलाचा."

"तरीच," ती म्हणाली. भूगोलाचा काय दोष होता मला कळलं नाही, पण तिथे वाद घालायची हिंमत नव्हती.

मग तिनं नानांच्या रक्ताची नळी दाखवली. लाल भाग खाली बसला होता आणि वर पांढरंशार, पातळ ताक ओतावं तसं. स्वादुपिंडाला सूज आली होती. तिनं आम्हाला समजावलं ते शाळेत समजावतात तसंच. ट्रायग्लिसराइड फक्त तेलातून येत नाही. जास्तीची साखर, मैदा, भात, सगळं यकृतात जाऊन चरबीच होतं. दारू असली तर आणखी. काही घराण्यांत ते रक्तातच असतं, माणूस कितीही काटकुळा असो. आकडा जरा वर असेल तर हृदयाची काळजी करायची, आणि असा चार आकडी झाला की स्वादुपिंडाचीही. "दिवाळीला गोळ्या सुरू झाल्या असत्या, गोड सुटलं असतं, तर बहुतेक ही वेळ आली नसती. आता पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत."

ते दोन दिवस आम्ही बाकावर बसून होतो. नानांना अन्न-पाणी बंद, नुसती सलाईन. अक्का एकदाच म्हणाल्या, "बठ्ठं गोड मीच वाढं त्यासले." सगळं गोड त्यांच्याच हातचं होतं, हे त्या माझ्या वाटणीचं ओझं कमी करायला बोलल्या की स्वतःचं मोजायला, कोण जाणे. मी म्हणालो, "अक्का, माझीपण चूक आहे." त्यांनी नुसतं पाहिलं. 'पण' हा शब्द त्यांना खटकला असावा.

तिसऱ्या दिवशी नानांनी डोळे नीट उघडले. काचेतून मला पाहिलं, हातानं जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. क्षमा मागतील किंवा शिव्या देतील, मी दोन्हींना तयार होतो.

"सलीमला सांग," ते पुटपुटले, "नाव बरोबर होतं."

जळगावला येऊन मी सलीमला सांगितलं. तो खुर्चीतून उठला, पाठ वळवून बेसिनवर उगाच हात धूत राहिला. मग म्हणाला, "सर, आता तुमचंही पुन्हा काढू या." काढलं. रिपोर्ट हातात देताना त्यानं बोट ठेवून दाखवलं. दिवाळीला दीडशेच्या आत असलेला माझा आकडा केळी, खीर आणि गुळाच्या जिवावर थेट दुप्पट झाला होता.

"नाव तपासून घ्या सर," सलीम म्हणाला. त्याला माझ्याकडून एवढीच फी वसूल करायची होती.

नाना वाचले, पण जळगावला राहायला परतले नाहीत. मनीषानं त्यांना धुळ्याच्या देवपुरात स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पुढल्या हिवाळ्यात ते झोपेत गेले. "पोटात काही दुखलं नव्हतं काका," असं मनीषानं फोनवर न विचारता सांगितलं. माझ्यासाठीच सांगितलं असणार. म्हणून माझी त्यांची शेवटची भेट म्हणजे त्याआधीची, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची.

आखाजीला खानदेशात घराघरांत मातीच्या खापरावर पुरणपोळ्या होतात आणि आमरसाची पातेली भरतात. अशा सणाला नाना आजाऱ्याचं जेवत असतील या विचारानं मी धुळ्याला जायचं ठरवलं. रिकाम्या हातानं जाणं बरं दिसेना. आता मी शहाणा झालो होतो. तेल नको, तूप नको, साखर नको, सगळं पाठ होतं. शोधून शोधून लाडवांचा एक खोका घेतला. खजूर, गूळ, मध आणि मनुका. झाकणावर मोठ्या हिरव्या अक्षरांत छापलेलं, 'साखर नाही! तूप नाही! बिनधास्त खा!'

नाना ओसरीवर बसले होते. आधीच काटकुळे, आता सदऱ्यात कोणी आहे की नाही ते बघावं लागत होतं. पुढ्यात ताट, त्यात ज्वारीची अर्धी भाकरी, मेथीची भाजी, मोडाचे मूग आणि काकडी. शेजारच्या घरातून पुरणाचा वास येत होता. नाना एक घास घेत होते आणि नाकपुड्या शेजारच्या घराकडे वळत होत्या.

"भाजीला किती?" मी हसून विचारलं.

"चार," नाना म्हणाले. "पास व्हायला पस्तीस टक्के पुरतात. तेवढ्यावर जगायचं आता." गोळ्यांची पाकिटं त्यांनी ताटाशेजारी वेळेच्या क्रमानं मांडून ठेवली होती. "आकडा खाली आलाय. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला लावलं. नातवाचंही. नावं मी बघितलीसुद्धा नाहीत."

मी खोका पुढे केला. "नाना, तुमच्यासाठी. यात काही म्हणजे काही नाही."

नानांनी खोका हातात घेतला. झाकण उघडलं. लाडू बघितले, बराच वेळ बघितले. मला वाटलं, एक उचलणार. एका क्षणापुरतं त्यांनाही वाटलं असावं, कारण बोटं हलली. पण ती बोटं खिशाकडे गेली. लाल पेन निघालं. झाकणावर छापलेला मजकूर त्यांनी शब्दाशब्दानं वाचला, मग प्रत्येक ओळीवर एकेक काट मारली, त्याखाली बारीक छापलेल्या खजूर, गूळ, मध, मनुका या चारही नावांना गोल केला, आणि कोपऱ्यात लिहिलं, 'धडा समजलेला नाही. पुन्हा वाचून येणे.' खाली सही. झाकण लावून खोका माझ्या मांडीवर ठेवला आणि मुगाकडे वळले.

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी खोका पाहिला, माझा नव्या भोकाचा पट्टा पाहिला, वरपासून खालपर्यंत मला पाहिलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुम्हनं पोट गयं, पण अक्कल व्हती तठेच शे."

नानांनी त्यांची भाषा दुरुस्त केली नाही.